मध्ये थोडा कच्चा

दूध करपल्याचं सुलक्षणाला शेजारच्या शकुने सांगितलं, तेही गॅलरीतून ओरडून. सुलक्षणा त्या वेळी दुधाच्या पातेल्यापासून हातभर अंतरावर, ओट्याला टेकून, बदामांची सालं काढत उभी होती. ‘अगं, झोपलीस की काय? सगळ्या मजल्यावर वास सुटलाय!’ शकु म्हणाली, आणि तेवढ्यावर न थांबता दारात येऊन तिने आत डोकावलं. सुलक्षणाने गॅस बंद केला. ‘लक्षात होतं गं, हात गुंतले होते,’ ती म्हणाली. शकुला ते पटलं की नाही कोण जाणे. ती गेल्यावर सुलक्षणाने पातेलं उचलून नाकाशी नेलं, चटका बसेल इतकं जवळ. वाफ गरम लागली, ओली लागली. बाकी काही नाही. दूध दुसऱ्या भांड्यात ओतल्यावर तळाशी काळा थर दिसला, तेव्हा कुठे तिची खात्री पटली. मग तिने परत बदाम हातात घेतले. गरम पाण्यातून काढलेला बदाम दोन बोटांत दाबला की सालातून सुळकन निसटतो आणि कधी ओट्याखाली जातो. एरवी तिला त्याचं हसू आलं असतं. आज वाकून तो उचलायचाही कंटाळा आला.

दिवाळीनंतर तिला ताप आला होता. साधाच ताप, घाटकोपरच्या पंतनगरात त्या वेळी घरोघर होता. ताप उतरला, खोकला गेला, अंगात जरा त्राण आलं आणि ती औषधांच्या कंपनीत पुन्हा पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहू लागली. वास मात्र परत आला नाही. सुरुवातीला तिला वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, अशक्तपणा आहे. शेवटी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नाकात बॅटरी मारली, घशात मारली आणि म्हणाले, ‘होतं असं कधीकधी. येईल, नाहीतर नाही येणार. अहो, वासच गेलाय ना? डोळे-कान तर शाबूत आहेत.’ बाहेर बसलेल्या बाईच्या मुलाच्या पायाला प्लास्टर होतं. सुलक्षणा त्या प्लास्टरकडे बघत बाहेर आली आणि तिला आपल्या तक्रारीची लाजच वाटली. आपलं दुखणं दाखवायला काही नाही, सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला हसू येईल, तेव्हा न सांगितलेलंच बरं, असं तिने ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दिवसामागून दिवस सांगायचं राहत गेलं.

बायका नाकाने स्वयंपाक करतात हे तिला नाक गेल्यावर कळलं. फोडणी कानाने ओळखता येते, मोहरी तडतडायची थांबली की हिंग. भात पाण्याच्या मापावर होतो. पण कांदा-खोबरं भाजताना ते नेमकं कुठे थांबवायचं, आमटी कालची आहे की बिघडलीय, बरणीतला मसाला अजून जिवंत आहे का, हे सगळं ती इतकी वर्षं कुणाला विचारत होती? कुणालाच नाही. हात चालत होता आणि नाक आपलं काम मुकाट्याने करत होतं. बाजारात कमळ कोळीण बांगडा पुढे करून म्हणायची, ‘वास घेऊन बघ गो बाय, आत्ताचा हाय,’ आणि सुलक्षणा नाकाशी धरल्यासारखं करून कल्ले उचकटून बघायची, डोळ्यात बघायची, पोटाला बोट लावायची. जिभेला मीठ कळत होतं, गोड कळत होतं, तिखट तर चांगलंच कळत होतं. त्यापलीकडचं सगळं पुठ्ठ्यासारखं. दिवसभर ती पुठ्ठ्याची खोकी घडी करायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुठ्ठा खायची. दत्तारामच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, काही लक्षात आलं नव्हतं. निदान तसं तिला वाटत होतं. संपानंतर मिल सुटली ती सुटलीच, आता तो मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर बसायचा आणि समोर जे येईल ते जेवायचा. त्याला आपलं काही सांगायचं म्हणजे भरलेल्या पिंपात तांब्या ओतण्यासारखं होतं.

पण आज मालन यायची होती, आणि मालनला सांगायचं हे तिने पक्कं केलं होतं.

मालन तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मालन इतकी लहान होती की तिला आईचा चेहरा नीट आठवत नाही, म्हणून आई कशी होती हे सुलक्षणाच तिला सांगत आली. त्या सांगण्यात कधी थोडी भरही पडली असेल. आई टोपलीवरचं फडकं उचलायच्या आधी मासा शिळा म्हणून सांगायची, हे मात्र खरं होतं. पावसाळी वाऱ्यावर कुणाच्या घरी काय शिजतंय ते आई ओसरीवरून सांगायची, हेही खरं. ‘तुझा नाक आवशीचा नाक, ताये,’ मालन म्हणायची, आणि ते सुलक्षणाला दागिना मिळाल्यासारखं वाटायचं. दागिना म्हटला तर घरात तेवढाच होता. पुढे मालन मुंबईला आली, वांद्र्याला पाली हिलवर एका फ्रेंच कुटुंबात मुलं सांभाळायला लागली, आणि त्या कुटुंबाने जाताना तिलाही बरोबर नेलं. त्याला पाच वर्षं झाली. फ्रान्समधलं लिऑन नावाचं गाव. पत्रात लिहायची, ‘थंडी फार, बाकी बरं.’ सुलक्षणाही उत्तरात लिहायची, ‘इकडे उकाडा फार, बाकी बरं.’ दोघी बहिणी अशा बऱ्याच बऱ्या होत्या.

केक मालननेच या घरात आणला. पाली हिलला असताना ती रविवारी सुट्टीला घाटकोपरला यायची, आणि मॅडमकडून शिकलेली नवलाई ताईवर करून बघायची. चॉकलेट आणि बदामाचा केक, मैदा नावालाच. फ्रेंच नाव लांबलचक होतं, कुठल्याशा राणीचं, म्हणून या घरात तो राणीचा केक झाला. गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घेतला तोही त्या केकपायीच, झाकणाला काचेची खिडकी असलेला. मालनचा नियम एकच, ‘घड्याळ बघू नकोस. वास दारापर्यंत आला की काढ. कडेने घट्ट आणि मध्ये थोडा कच्चा राहिला पाहिजे.’ कच्चा! सुलक्षणाला तो धक्काच होता. पाहुण्याच्या पानात कच्चं वाढायचं? आपल्याकडे घावन आतून ओला राहिला तर सासू माहेरचा उद्धार करते. पहिल्या खेपेला मालन खाली साबण आणायला गेली तेवढ्यात तिने तो केक तव्यावर ठेवला, वर ताट झाकलं आणि मंद आचेवर चांगला शिजवून काढला. मालन परत आली, सुरी घातली, आणि खडूसारखा भुगा पडला. ‘वाट लावलीस गं ताई, राणीची पार वाट लावलीस!’ म्हणत ती जमिनीवर बसून हसली, मग हसता हसता रडली, कारण चॉकलेट मॅडमच्या डब्यातलं होतं. दुसऱ्या खेपेपासून सुलक्षणाने मात्र चूक केली नाही. ओव्हनकडे पाठ करून ती भांडी घासायची आणि मध्येच म्हणायची, ‘झाला. काढ.’ आणि तो झालेला असायचा. पुढेपुढे तर मालन म्हणायची, मॅडमचासुद्धा असा होत नाही.

आणि आता पाच वर्षांनी येताना तिने मागून काय मागावं, तर तोच केक. ‘तुझ्या हातचा,’ असं वर.

सालं काढलेले बदाम तिने फडक्यावर पसरून पंख्याखाली ठेवले. मिक्सरमध्ये घालायचे नाहीत, बदामाला तेल सुटतं, हाही मालनचा नियम. साखर घालून पाट्यावरच, हलक्या हाताने, रव्यासारखे करायचे. पाटा ओट्याखाली उभा होता. गेल्याच आठवड्यात टाकी लावणारी बाई येऊन त्याला ठोकून गेली होती, त्यामुळे हात फिरवला तर खरखरत होता. त्यावर काल बांगड्याच्या तिखल्याचं वाटण झालं होतं, आणि वाटणानंतर माशात घालायची उग्र वासाची तिरफळं ठेचली होती. सुलक्षणाने पाटा आडवा केला. काथ्याने घासला, राखेने घासला, गरम पाणी ओतलं. मग चालीप्रमाणे मूठभर तांदूळ वाटून काढून टाकले. पुरण वाटायचं असलं की आई असंच करायची: आधी तांदूळ वाटायचे, त्यांनी लसणीचा वास ओढून घ्यायचा, मग पाट्यावर ओणवं होऊन नाक लावून बघायचं. नाकाला काही लागलं नाही तरच गोडाचं वाटण. सुलक्षणा ओणवी झाली. दगड थंड होता, नाकाच्या शेंड्याला ओला लागला. काहीच वास येत नव्हता. काहीच वास येत नव्हता म्हणजे पाटा स्वच्छ होता असं कुणीही म्हटलं असतं, आणि ती तशीच दगडावर नाक टेकवून थोडा वेळ राहिली, कारण कमरेत उसण भरली होती आणि उठून तरी काय करायचं ते सुचत नव्हतं.

‘अहो,’ तिने हाक मारली.

बाहेरच्या खोलीत दत्ताराम पेपर वाचत होता. ‘काय गं?’

जरा इकडे या आणि पाट्याला नाक लावून बघा, एवढंच म्हणायचं होतं. तो आला असता. वाकला असता, बघितलं असतं, आणि मग तिच्याकडे बघितलं असतं. तुझं नाक कुठे गेलं, असं म्हणाला नसता कदाचित, पण त्या नजरेला उत्तर द्यावं लागलं असतं. आणि पहिलं सांगणं तर तिने मालनसाठी ठेवलं होतं. मालन डॉक्टरसारखं बोलणार नव्हती, डोळे-कान मोजून दाखवणार नव्हती. नाक गेलं म्हणजे काय गेलं हे जगात कळेल तर तिलाच, कारण ते जितकं सुलक्षणाचं गेलं होतं तितकंच तिचंही गेलं होतं.

‘पेपर झाला का?’ ती म्हणाली.

‘होतोय.’

तिने पाटा आणखी एकदा धुतला आणि बदाम वाटायला घेतले. मनगट दुखायला लागलं. औषधांच्या कंपनीत आठवडाभर उभं राहायचं आणि रविवारी दगडाशी बसायचं, असल्या आयुष्याला कुणी काय म्हणावं? कंटाळा म्हणावं तर तेवढा वेळ कुठे असतो? अंडी फोडली, पिवळं आणि पांढरं वेगळं केलं. चॉकलेटचा तुकडा मालनने ओळखीच्या कुणाबरोबर आधीच पाठवला होता, तो कॉफीच्या दोन चमचे पाण्याबरोबर गरम पाण्यावर वितळत ठेवला. चॉकलेट वितळताना बघायला छान दिसतं. कडा आधी खचतात, मग मधला भाग एकदम मान टाकतो. पूर्वी या वेळेला तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. आता तिने ते चमच्याने ढवळलं, त्यात लोणी घातलं, पिवळं घातलं, बदाम घातले. मग पांढरं फेटायला घेतलं. फेटताना उजवा हात भरून आला की डावा, डावा भरून आला की परत उजवा. पांढऱ्याचे शेंडे उभे राहिले तेव्हा तिला उगाच बरं वाटलं. निदान हे डोळ्यांना दिसत होतं. ते तिने चॉकलेटमध्ये हलकेच कालवलं, डब्यात ओतलं, ओव्हनमध्ये ठेवून झाकण लावलं आणि घराचं दार सताड उघडून खालच्या पाटावर बसली.

दार उघडं ठेवलं होतं ते शकुसाठी. सकाळी जिच्या ओरडण्याने कानशिलं तापली होती, तिच्याच ओरडण्याची आता वाट बघायची, याला काय म्हणावं? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तिला वाटलं, गरजवंताला लाजही नसते. काचेवर वाफ धरली होती. आत काहीतरी काळं फुगत होतं एवढंच दिसत होतं. वास आत्ता कुठवर आला असेल? ओट्यापर्यंत? मोरीपर्यंत? ती हवेत बघत राहिली, जणू तो दिसणार होता. तिला एकदम आठवलं की मालनच्या लहानपणी रात्री अंधारात तिला पांघरूण घालताना तिच्या केसांना नाक लावायची आपल्याला सवय होती, तेलाचा, घामाचा, आणि शाळेच्या पाटीचा असा एक वास. तसा वास होता हे तिला शब्दांनी आठवत होतं. तो वास मात्र आठवत नव्हता. तिने खूप प्रयत्न केला. आतून काहीच आलं नाही, आणि ती घाबरली. आतापर्यंत तिला वाटत होतं की बाहेरचे वास बंद झालेत. आत साठवलेलेही कुणी उचलून नेत असेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

‘काय गं बाई, कसला झकास वास सुटलाय!’ शकु गॅलरीतून म्हणाली. ‘पाव्हणी यायची म्हणून एवढं?’

सुलक्षणा उठली. केक काढला. कडेने घट्ट, मध्ये बोट लावलं तर थरथरला. अगदी हवा तसा. तिने डबा फडक्यावर ठेवला आणि ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं.

मालन चारच्या सुमाराला आली. टॅक्सीतून उतरली तेव्हा सुलक्षणा जिन्यात उभी होती, आणि क्षणभर तिला वाटलं की ही कुणी दुसरीच आहे. केस कापलेले, गालफडं बसलेली, पायात बंद बूट. मग मालन ‘ताई’ म्हणाली आणि गळ्यात पडली. ‘सगळा जिना घमघमला की,’ मागून दत्ताराम म्हणाला. ‘तिकडचं सेंट वाटतं.’ सुलक्षणाने बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून श्वास घेतला. हाड लागलं, लोकर लागली. सेंट नाही, तेल नाही, मालन नाही. पाच वर्षांनी मालन आली आणि मालन आल्यासारखं झालं नाही. हे तिला इतकं स्पष्ट जाणवलं की रडू आलं, आणि मालनला वाटलं की भेटीचं रडू आहे, म्हणून तीही रडली.

चहा झाला. मालन बोलत होती. मुलं मोठी झाली, त्यांना आता सांभाळायला कुणी नको, मॅडम म्हणते राहा, घर बघ. ‘रविवारी सगळे बाहेर जातात गं. मी एकटीच. कधीकधी भिंतीशी मालवणीत बोलते, विसरायला नको म्हणून. हसू नका भावोजी, खरंच.’ दत्ताराम हसत नव्हताच. ‘मग ये परत,’ तो म्हणाला. ‘येऊन करू काय?’ मालन म्हणाली. सुलक्षणाने ठरवलं, आता दत्ताराम पान खायला खाली उतरेल, तेव्हा सांगू. वाक्यसुद्धा तयार होतं. मालन, मला दिवाळीपासून वास येत नाही. इतकं साधं वाक्य. दत्ताराम मात्र उतरला नाही. तो केकसाठी बसून राहिला होता.

तिने तुकडे कापले. मधला भाग सुरीला किंचित चिकटला, आणि मालन म्हणाली, ‘बघा, बघा, हिचंच नाक!’ दत्तारामने आपला तुकडा दोन घासांत संपवला. ‘गोड आहे,’ तो म्हणाला. मालनने छोटा घास घेतला. चावला. आणि थांबली.

मालन तोंडातला घास तसाच धरून सुलक्षणाकडे बघत होती. मग तिने उरलेला तुकडा नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा उघडा पडला.

‘गो ताये,’ ती म्हणाली, ‘ह्यात तिरफळां घातलंस?’

पाटा. नवीन टाकी, आणि टाकीच्या बारीक खळग्यांत बसलेली कालची तिरफळं. तांदळांनी ओढून न घेतलेली. सुलक्षणाला सगळं एकदम कळलं. आता सांगायलाच हवं होतं. संधी तर कुणीतरी ताटात वाढून पुढे सरकवल्यासारखी आली होती. तिने तोंड उघडलं.

‘आवशीची आठवण इली गो माका,’ मालन म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती पुसतही नव्हती. ‘माका तिचा तोंड आठवणा नाय, ताये. तुका ठाऊक आसा. पण ह्यो वास... ती माका मांडयेर घेऊन बसली हा, आणि तिच्या हाताक ह्यो वास. हाताक! ह्या तू सांगलेला नाय. ह्या माझा माकाच आठवला.’ आणि मग मराठीत, दत्तारामकडे वळून, अभिमानाने, ‘कुणाला सुचलं असतं भावोजी? चॉकलेटात तिरफळ! अख्ख्या फ्रान्समध्ये कुणाच्या बापाला सुचलं नसतं.’

दत्ताराम मान हलवत होता. त्याला तिरफळ लागलं नव्हतं, पण बहिणी खुश आहेत एवढं त्याला कळत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर काहीतरी होतं. सुलक्षणाने त्याच्याकडे बघितलं, मग मालनकडे. हिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची म्हणून आई मिळाली आहे. ती चुकून मिळाली, धुतलेला पाटा मला हुंगता आला नाही म्हणून मिळाली, हे आता हिला सांगायचं? सांगितलं तर ही माझ्यासाठी रडेल, आणि हातातला तुकडा खाली ठेवेल.

‘किती घातलंस?’ मालनने विचारलं. ‘मी नेईन बरोबर. तिथे करीन रविवारी.’

‘चार,’ सुलक्षणा म्हणाली.

‘चार,’ मालनने पाठ केल्यासारखं म्हटलं.

ते वाक्य तिच्या तोंडात तयारच होतं, ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. आता ते कधीच सांगता येणार नाही हे तिला कळलं. आज नाही, मालन जाताना विमानतळावर नाही, पत्रात तर नाहीच. तिला भयंकर थकवा आला, आणि त्याबरोबर तिला मालनचा हेवाही वाटला, इतका की तो तिलाच आवडला नाही. आईजवळ ती स्वतः अकरा वर्षं राहिली होती, आणि आईच्या हाताचा वास आता या धाकटीकडे होता.

‘तू नाय खालंस,’ मालन म्हणाली. तिने एक तुकडा उचलला आणि जवळ सरकून ताईच्या नाकाशी धरला. ‘थांब. आधी वास घे. डोळे मीट.’

सुलक्षणाने डोळे मिटले. छाती भरेल एवढा श्वास घेतला. आत हवा गेली, जराशी थंड.

‘इली ना?’ मालनने हळूच विचारलं. ‘इली ना आठवण?’

‘इली,’ ती म्हणाली, आणि डोळे उघडायला तिने थोडा वेळ लावला.